उजव्या हाताची चूक

३ ऑगस्ट

मास्तरांचा हुकूम आहे, म्हणून ही वही. ‘सळी जोरानं वाकत नाही, चूक सापडली की वाकते. रोजची चूक रोज लिहून काढायची,’ असं त्यांनी काल सगळ्यांसमोर सांगितलं. शाळेत शुद्धलेखनाच्या वहीनं छळलं होतं, आता बावन्नाव्या वर्षी परत तोच छळ. पण मास्तरांपुढे तोंड उघडायची कुणाची टाप नाही. माणूस वेल्डर, दिवसभर गेटं आणि जिने जोडतो. संध्याकाळी दुकानाच्या मागच्या शेडमध्ये आम्हा आठ-दहा खुळ्यांना सळ्या वाकवायला शिकवतो.

बाहेरच्या माणसाला आमचा खेळ सांगितला तर तो आधी हसतो. सात इंच लांब, आठ मिलिमीटर जाड पोलादी सळी. दोन्ही टोकांना चामड्याची पट्टी गुंडाळायची, हनुवटीखाली धरायची आणि एका मिनिटात नुसत्या हातांनी वाकवून दोन्ही टोकं दोन बोटांच्या अंतरावर आणायची. मांडीचा, छातीचा, टेबलाचा आधार चालत नाही. कशासाठी, असं हिनं लग्नानंतर एकदा विचारलं होतं. मी सळी हनुवटीखाली धरून दाखवली, ती भाकऱ्या थापायला निघून गेली.

आठ मिलिमीटरची सळी ज्यानं स्पर्धेत मिटवली त्याची सळी मास्तर शेडच्या भिंतीवर टांगतात, खाली पांढऱ्या रंगात त्याचा धंदा लिहितात. आजवर अकरा आहेत. ड्रायव्हर, गवंडी, दोन हमाल, एक चक्क हिशेबनीस. गेल्या फेब्रुवारीत माझी टोकं चार बोटांवर अडली. या फेब्रुवारीत बारावी सळी माझी, खाली ‘टर्नर’. बाकी मला आयुष्यात काही नको, असं लिहिणार होतो, पण ही वाचेल आणि दुधाचं भांडं माझ्या डोक्यात घालेल.

आजची चूक: वाक मधोमध येत नाही, डावीकडे सरकतो.

७ ऑगस्ट

चूक तीच. मास्तर म्हणतात, पहिला वाक मनगटांचा, मग ओढ खांद्यांची, मग मिटवणी. माझं गाडं पहिल्या वाकालाच अडतंय. डाव्या हाताचा अंगठा दाबतो, उजव्याचा नुसता ठेवल्यासारखा राहतो. ‘टर्नर, उजवा हात झोपलाय तुझा,’ मास्तर म्हणाले. मी म्हटलं, दिवसभर लेथवर लोखंड कातून दमतो बिचारा, जरा झोपू द्या. कुणी हसलं नाही.

उद्यापासून उजव्या पट्टीचा एक वेढा कमी करून बघतो. पकड घट्ट येईल.

१६ ऑगस्ट

पट्टीचा उपयोग झाला नाही. खडूची पावडर जास्त लावली, तरी नाही. मूठ अर्धा इंच आत घेतली, तर तळव्याला फोड आला.

कामावर मायक्रोमीटर हातातून सुटला. तीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या लेथवाल्यानं ‘म्हातारे झालात’ म्हणून टोमणा मारला. हाताला तेल होतं, आणि काय. सकाळी शर्टाचं वरचं बटण लागेना, ते नवीन शर्टाचं काज बारीक म्हणून. हल्लीचे शिंपी कापड वाचवतात तसे भोकंही वाचवतात.

एक मात्र चांगलं झालंय. उजव्या हाताची सगळी चरबी झडली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये चांगला खळगा पडलाय, आतल्या शिरा दोऱ्यांसारख्या दिसतात. डाव्यात अजून मांस आहे. म्हणजे मेहनत उजवाच करतोय, मास्तर काहीही म्हणोत. दंडातले स्नायूही बसल्या जागी थरथर उडत असतात. हिला दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, दुखतं का हो? मी म्हटलं, वाढतंय ते.

२४ ऑगस्ट

आज मास्तरांनी सळी धरूच दिली नाही. माझा उजवा हात हातात घेऊन त्या खळग्यात अंगठा रोवून बसले. ‘हे कधीपासून?’ मी सांगितलं, चरबी गेली. ‘हं,’ म्हणाले. मग एक कागदाचा तुकडा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरायला लावला आणि ओढला. कागद सुटला. परत धरायला लावला, परत सुटला. डाव्या हातातला फाटला पण सुटला नाही.

नवीन व्यायाम दिसतोय. घरी पन्नास वेळा केला.

आमची पोर मला न्यायला आली होती, औषधांच्या दुकानातल्या कामावरून सुटली की येते कधी कधी. मी पट्ट्या गुंडाळत होतो तोवर मास्तर आणि ती गेटापाशी बोलत उभे होते. मास्तर खाली बघून बोलत होते. मास्तर खाली बघून बोलतात हे मी प्रथमच पाहिलं.

२ सप्टेंबर

पोरीनं डॉक्टरकडे नेलं. नसांचा डॉक्टर. माझी मनापासून ना होती, पण लेक बापाच्या वर असते, वाद घालण्यात अर्थ नाही. डॉक्टरनं हातात, दंडात, पोटरीत, जिभेतसुद्धा सुया टोचून यंत्रावर आवाज ऐकवले. पाऊस पत्र्यावर पडतो तसा खडखडाट. मी म्हटलं, हाताचं दुखणं आणि जीभ कशाला टोचता? डॉक्टर म्हणाला, सगळं बघावं लागतं. तरुण आहे, बोलताना घड्याळाकडे बघत नाही, हे आवडलं.

६ सप्टेंबर

निकाल आला. मानेत नस दबलीय. एवढंच. पोरीनं आत जाऊन डॉक्टरशी अर्धा तास बोलून घेतलं आणि बाहेर येऊन मला दोन मिनिटांत सांगितलं. गोळ्या आहेत. जड उचलायचं नाही, दमायचं नाही. सळ्यांचं विचारलं तर म्हणाली, ‘थोडं थोडं करा, बाबा. आवडतं ते करा.’ मला वाटलं होतं ती सळ्या विहिरीत टाकेल.

हिला सर्दी झालीय. डोळे लाल, नाक लाल. मी म्हटलं आल्याचं पाणी घे, तर उठून आत गेली. बहिणीशी फोनवर काहीतरी बिनसलं असणार. त्या दोघींचं ते वर्षातून दोनदा असतं.

१३ सप्टेंबर

आता यापुढे सराव घरी. मास्तरांनी सांगितलंय, शेडमध्ये चारचौघांच्या बघण्यानं मी बिचकतो, म्हणून दर शनिवारी पोर त्यांच्याकडून एक सळी आणेल, ती घरात वाकवायची. चूक सापडेपर्यंत एवढंच. आणि नवी पद्धत दिली: उजवा हात नुसता धरून ठेवायचा, ढकलायचं डाव्यानं. मी विचारलं, असं कुणी करतं का? म्हणाले, ‘ही वरची पायरी आहे. सगळ्यांना नाही सांगत.’

संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून सळी वाकवली. पहिला वाक आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. टोकं पाच बोटांवर थांबली, पण वाक आला. हिनं टाळ्या वाजवल्या. पंचवीस वर्षांत या बाईनं माझ्या सळीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

चूक होती ती पद्धतीची. उगाच मानेला दोष देत होतो.

४ ऑक्टोबर

आजची टोकं साडेतीन बोटांवर. गेल्या स्पर्धेपेक्षा हे चांगलं. माझा स्वतःचाच विश्वास बसेना, पण वाकवायच्या आधीच आणलेली सळी वर्नियरनं मोजून घेतली होती. लांबी सात इंच, जाडी आठ मिलिमीटर, केसाचाही फरक नाही. मास्तरांच्या मापात खोट काढणाऱ्यानं आधी स्वतःचे डोळे तपासावेत. याच माणसानं स्वतःच्या सख्ख्या भावाला, पट्टीचे दोन वेढे जास्त निघाले म्हणून, मिटवलेली सळी हातात देऊन घरी पाठवलं होतं. भाऊ अजून बोलत नाही.

सळ्या हल्ली घासून चकचकीत करून पाठवतात. माझे लाड चाललेत.

२६ ऑक्टोबर

हिनं माझे सगळे बटणांचे शर्ट कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकले आणि गळ्यातून घालायचे सदरे आणून ठेवले. मी भडकलो. म्हटलं, मी काय कॉलेजात जातोय? ती म्हणाली, ‘इस्त्रीचा कंटाळा आला मला. पंचवीस वर्षं केली.’ आरशात बघितलं, वजन उतरल्यामुळे तसा बरा दिसतो.

नंतर जेवताना पोरीनं जाड दांड्याचे चमचे काढले. घरात सगळं नवं नवं चाललंय. कुठेतरी सूट होती म्हणे.

१५ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावून लेथवरून काढलं आणि तपासणीच्या टेबलावर बसवलं. आता दुसऱ्यांनी केलेलं काम मी तपासायचं. ‘तुमची नजर कंपनीत कुणाला नाही,’ असं म्हणाले. तीस वर्षांनी का होईना, कुणाला कळलं. घरी सांगितलं तर पोरीला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. ‘छान झालं, बाबा,’ म्हणाली आणि ताटं घ्यायला लागली.

लेथ आता एका चोवीस वर्षांच्या पोराकडे. चावी देताना माझ्या हातातून ती दोनदा पडली. त्यानं उचलली. चांगला आहे, पण हत्यारं पुसत नाही.

सळी: अडीच बोटं. जवळजवळ मिटली.

२० डिसेंबर

डाव्या हातानं लिहितोय. उजव्याला स्पर्धेपर्यंत विश्रांती. अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं येतंय. मिटली. दोन बोटं. पोरीनं मोजलं, हिनं मोजलं, मी परत मोजलं. पोर माझ्या गळ्यात पडली ती सोडेचना. मी म्हटलं, अगं, अजून स्पर्धा व्हायचीय.

९ जानेवारी

आज काय झालं ते नीट लिहितो, म्हणजे मलाच नीट कळेल.

या आठवड्याची सळी पोरीनं शनिवारची वाट न बघता कालच आणली. टोकं धारदार होती, पट्टीच्या चामड्याला टोचत होती. म्हणून ती डब्याबरोबर कामावर नेली. जेवणाच्या सुट्टीत माझा जुना लेथ रिकामा होता. म्हटलं, टोकांची धार मारून घेऊ. डाव्या हातानं सळी बसवली, हत्यार लावलं.

पोलादाची साल निघते तेव्हा ती हत्याराशी भांडत निघते. आमच्या सळीची साल आखूड, तुटक यायला हवी. ही आली लांबच लांब, चिकट, मऊ, थांबता थांबेना. मी लेथ बंद केला. सळी काढून कानस मारली. कानस नुसती आत गेली.

जाडी आठ, लांबी सात. सगळं मोजलं होतं मी. कडकपणा मोजला नव्हता, कारण तो मोजायचा असतो हे मास्तरांच्या सळीबाबत मनातही येत नाही. लाल होईस्तोवर तापवायची, राखेत पुरायची, रात्रभर हळूहळू निवू द्यायची. मग पोलाद दिसायला तेच राहतं आणि हाताला मऊ लागतं. राखेचा डाग घासून काढावा लागतो तेवढा. म्हणून तो चकचकाट.

सप्टेंबरपासून. दर शनिवारी. आणि मी इथे चूक सापडली म्हणून लिहीत बसलोय.

१० जानेवारी

आज शनिवार. वाकवली नाही, डोकं दुखतं म्हटलं. रागानं अंगाचा तिळपापड झालाय. लहान मूल आहे का मी? हिची टाळी, पोरीची मिठी, सगळं नाटक. मास्तरांच्या दुकानात जाऊन ती सळी त्यांच्या पुढ्यात आपटावी, असं मनात येतंय.

पण एक गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. दोन वेढ्यांसाठी भावाला तोडणारा माणूस माझ्यासाठी भट्टी पेटवून खोट्या सळ्या करतो. उगाच करेल का? सकाळपासून मनात पाल चुकचुकतेय. कागद सुटला होता. जिभेत सुई टोचली होती. अर्धा तास आणि दोन मिनिटं.

१३ जानेवारी

अर्धा दिवस रजा टाकली, घरी सांगितलं नाही, एकटा डॉक्टरकडे गेलो. म्हटलं, माझ्या मुलीनं मला सगळं सांगितलंय, आता तुमच्या तोंडून ऐकायचंय. खोटं बोललो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं.

रोगाचं नाव लांबलचक आहे, लिहीत नाही. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या तारा एकेक करून मरतात. हातापासून सुरू झालंय. मग दुसरा हात, पाय, बोलणं, गिळणं, श्वास. औषध नाही. दोन-तीन वर्षं, कुणाला थोडी जास्त. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं, असं तो म्हणाला. ही चांगली बातमी म्हणून सांगितली की वाईट, ते मी विचारलं नाही.

जाताना त्यानं विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, टर्नर. तपासणीच्या टेबलावर कुणी बसवलं असेल ते तेव्हा लक्षात आलं. पोर साहेबांना जाऊन भेटली असणार.

बसस्टॉपवर तीन बसा सोडल्या. मला मरायची भीती वाटते. लिहून टाकलं. हाताला काम नसलं की मी कोण, हे मला माहीत नाही.

१७ जानेवारी

घरी काही बोललो नाही. बोलायचं ठरवून गेलो होतो. दारात ही उभी, पोर सळी घेऊन आलेली, दोघी माझ्या तोंडाकडे बघतायत. चार महिने या दोघी हे पोटात ठेवून वावरतायत. मी आरशात नवा सदरा बघत होतो तेव्हा ही आत काय करत असेल, देव जाणे.

मग पट्ट्या गुंडाळल्या आणि वाकवली. मऊ आहे हे माहीत असून वाकवली. दम लागल्यासारखं केलं. खरं तर लागलाच, तीन बोटांवर थांबली. हिनं टाळ्या वाजवल्या. मी हसलो. आता नाटकात मीही आहे. फरक एवढाच की त्यांना ते माहीत नाही.

२५ जानेवारी

मास्तर रस्त्यात भेटले. ‘तयारी कशी?’ मी म्हटलं, मास्तर, स्पर्धेच्या सळ्या नेहमीच्याच ना? म्हणाले, ‘म्हणजे?’ मी म्हटलं, सगळ्यांना सारख्या. त्यांनी तोंड रस्त्यावरच्या वाहनांकडे वळवलं. ‘टर्नर, चाळीस वर्षं सारख्याच दिल्यात,’ म्हणाले. मला बरं वाटलं. एकदा खरी सळी हातात यावी. वाकणार नाही, मला कळतं. पण खरीपुढे हरलो तर हरलो म्हणता येईल.

८ फेब्रुवारी

स्पर्धा झाली. आजचं आजच लिहायला हवं.

शेडमध्ये चाळीसेक माणसं. ही पहिल्यांदाच आली होती, पुढच्या खुर्चीवर चांगली साडी नेसून, पोर शेजारी. आमच्यात चिठ्ठी काढून पाळी लागते. माझ्याआधी एका फळवाल्यानं खटपट केली, सळी जेमतेम वाकली, तो पट्ट्या फेकून निघून गेला. मग माझी पाळी. मास्तरांनी पेटीतून सळी काढून स्वतः माझ्या हातात दिली.

घेतल्याबरोबर मी ती टेबलाच्या कडेवर हळूच टेकवली. खरी सळी वाजते. ही वाजली नाही.

मी मास्तरांकडे बघितलं. ते हातातल्या घड्याळाकडे बघत होते. चाळीस वर्षं सारख्या दिल्या आणि ही एक वेगळी. भिंतीवर अकरा सळ्या, बारावीची खुंटी आधीच ठोकलेली. मी वाकवली असती तर खाली ‘टर्नर’ लिहिलं गेलं असतं, हिनं आयुष्यभर ते सांगितलं असतं. आणि मास्तरांच्या भिंतीवर एक खोटी सळी लागली असती. ज्या भावाला त्यांनी दोन वेढ्यांसाठी तोडलं, त्याच्यापुढे ते कुठल्या तोंडानं उभे राहिले असते? माझ्यापायी.

मिनिट सुरू झालं. मी सळी हनुवटीखाली घेतली, दाब दिला. ती हलली. अंगठ्याखाली मला स्पष्ट कळलं, आता देते. वीस सेकंद झाले असतील. तेव्हा मी ठरवलं आणि दाब काढून घेतला. तोंड लाल केलं, दात खाल्ले, गुरगुरलो, सगळा देखावा केला, पण हातांत जोर ठेवला नाही. मिनिट संपलं. सळी सरळ.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. हिचे हात टाळीसाठी वर आले होते, ते तसेच राहिले. पोर उठून बाहेर गेली. मला तेव्हा कळलं की मी काय केलं. ती सळी मऊ आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांना वाटलं, आता याच्यानं मऊसुद्धा वाकत नाही. ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, वाकत होती, मी सोडली. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं.

सळी खिशात घालून आणली. घरी कुणी जेवलं नाही. जीव तुटला दोघींकडे बघून. तरी आत कुठेतरी मी खूश आहे, हे लिहायला लाज वाटते. या हातांनी आज मी मोठं काम केलं. वाकवता येत असताना नाही वाकवली.

९ फेब्रुवारी

कामावर तपासणीच्या टेबलावर माझ्यापुढे सपाट लोखंडी पाटा असतो. त्याच्यावर सळी ठेवून गडगडवली की केसाएवढा वाकही लपत नाही, मध्ये उजेडाची फट दिसते. सकाळी साहेब यायच्या आधी कालची सळी त्यावर ठेवली. किती हलली होती ते बघायचं होतं. स्वतःपुरती एक खूण हवी होती.

गडगडवली. फट नाही. दिवा जवळ आणला. उलट बाजूनं गडगडवली. फट नाही. फट मोजायच्या पात्या सारून बघितल्या, सगळ्यात पातळ पातीही आत गेली नाही. सळी कारखान्यातून निघाली तेव्हा जेवढी सरळ होती तेवढीच सरळ आहे. मी दाब काढून घेतला म्हणून ती थांबली नव्हती. ती हललीच नव्हती. मला वाटलं, एवढंच.

तीस वर्षं मी पाट्यावर विश्वास ठेवला, माणसांच्या बोलण्यावर नाही. आज कसा नाही ठेवू?

संध्याकाळी घरी आलो. ही भाजी निवडत होती, पोर नुकतीच आली होती. सळी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ‘ही मऊ आहे. मला नऊ जानेवारीपासून माहीत आहे. डॉक्टरला भेटून आलोय. आता सळ्या आणू नकोस.’

पोर खुर्चीवर बसली. म्हणाली, ‘म्हणजे काल तुम्ही मुद्दाम...’ तिच्या आवाजात एकदम आशा आली. हो म्हणायचं जिभेवर होतं. कालपर्यंत ते मला खरंही वाटत होतं.

‘नाही गं,’ मी म्हटलं. ‘काल वाकली नाही.’

ही भाजी निवडायची थांबली. हात पदराला पुसले, उठून माझ्यापुढे आली आणि माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून, बाजारात जाऊ का असं विचारावं तशा आवाजात म्हणाली, ‘मग आता रडू का मी?’

पाच महिने ती यासाठी थांबली होती, आणि दर शनिवारी मी तिच्याकडून टाळ्या घेत होतो. मी म्हटलं, रड.